संशोधकाचा निर्वाह : अक्षयनीवीपासून अधिछात्रवृत्तीपर्यंत

नाशिकनजीकच्या त्रिरश्मी पर्वतावर, लोक ज्यांस पांडवलेणी म्हणतात त्या बुद्धलेण्यांत, क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरविलेले एक लेणे आहे. त्या लेण्यातील शिलालेखांपैकी एकाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील हा लेख धम्माच्या तत्त्वज्ञानाविषयी काही सांगत नाही. तो हिशेब सांगतो. उषवदाताने चातुर्दिश भिक्खुसंघास लेणे अर्पण केले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. ही रक्कम त्याने संघाच्या हाती ठेवली नाही, ती गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून गुंतविली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे आणि दुसऱ्या ठेवीचे व्याज त्यांच्या किरकोळ खर्चासाठी वापरावयाचे.

वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. दोन हजारांवर दरमहा वीस, म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्खूंस बारा-बारा दिले की बरोबर २४० होतात. दात्याने प्रथम गरज मोजली, मग मुद्दल ठरविले, आणि सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून दप्तरी नोंदविला. आपल्या पश्चात कोणा वारसाला किंवा अधिकाऱ्याला तो मोडता येऊ नये, ही काळजी त्यामागे होती.

अध्ययन करणाराच्या निर्वाहाचा प्रश्न आजही सुटलेला नाही. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांत विद्यावाचस्पती पदवीसाठी संशोधन करणारे आमचे विद्यार्थी आपल्या अधिछात्रवृत्तीच्या हप्त्याची वाट पाहत असतात, तेव्हा आम्हांस या शिलालेखाचे स्मरण होते. प्राचीन भिक्खू आणि आजचा संशोधक विद्यार्थी हे एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याने आपला सारा दिवस विद्येला दिला त्याच्या अन्नवस्त्राची सोय कोणी, किती काळ आणि कोणत्या अटीवर करावी, हा प्रश्न दोघांच्याही बाबतीत एकच आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा इतिहास आम्ही मुख्यतः एका विद्यार्थ्याच्या उदाहरणाने पाहणार आहोत. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

नालंदा : मागावे न लागणे

त्याआधी नालंदा महाविहाराचा थोडक्यात उल्लेख करणे अवश्य आहे. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग तेथे अध्ययनासाठी राहिला. महाविहाराच्या खर्चासाठी राजाने शंभर गावांचे उत्पन्न लावून दिले होते आणि त्या गावांतून दररोज तांदूळ, लोणी व दूध येत असे, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात तेथे शिकलेला इत्सिंग नालंदेच्या मालकीची दोनशेहून अधिक गावे सांगतो. ह्युएन त्संगाच्या चरित्रकाराने याचा जो परिणाम सांगितला आहे तो महत्त्वाचा आहे. चीवर, पिंडपात, शयनासन आणि भैषज्य या चार प्रत्ययांसाठी तेथील विद्यार्थ्यांस कोणाकडे मागावे लागत नसे आणि म्हणूनच त्यांचे अध्ययन पूर्णत्वास जात असे.

नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा शैलेंद्र राजा बालपुत्रदेव याने नालंदेत एक विहार बांधविला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपाल याने पाच गावे त्या विहारास दिली. या दानाच्या ताम्रपटात भिक्खूंच्या चार प्रत्ययांबरोबर विहाराची डागडुजी आणि धर्मग्रंथांचे लेखन हेही खर्चाचे विषय म्हणून सांगितले आहेत. विद्वान जगविणे पुरेसे नाही, त्याचे ग्रंथ लिहिले गेले पाहिजेत आणि त्याचाही खर्च असतो, हे त्या काळच्या दात्यांस ठाऊक होते. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत हाच ग्रंथाचा खर्च किती मोठा अडसर ठरला, हे आपण पुढे पाहू.

बडोद्याचे करारपत्र

१९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या निमित्ताने झालेल्या सत्कारप्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले, ही हकीकत आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. पुढे याच केळुसकर गुरुजींनी भीमरावांची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याशी गाठ घालून दिली आणि महाराजांनी त्यांस दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. तिच्या आधारावर एल्फिन्स्टन महाविद्यालयातील पदवीचे शिक्षण पूर्ण झाले.

सयाजीराव महाराजांनी विद्येसाठी केलेल्या साहाय्याचे आणखी एक उदाहरण येथे दिले पाहिजे, कारण ते आमच्या अभ्यासक्षेत्राशी निगडित आहे. गोव्यातील साखवळचे धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला जाण्यापूर्वी महाराजांनी त्यांस दरमहा ५० रुपये देऊ केले. कोसंबींनी महाराष्ट्रातील एखाद्या शहरात राहावे आणि वर्षास एक पुस्तक बडोदे सरकारला लिहून द्यावे, एवढीच अट होती. कोसंबींनी कलकत्त्याची अधिक वेतनाची नोकरी सोडून हे पन्नास रुपये पत्करले, कारण त्यांस मराठी मुलखात पालीचा आणि बुद्धविचाराचा प्रसार करावयाचा होता. हार्वर्डमध्ये त्यांनी ज्या ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनास हात घातला, ते संपादन त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९५० साली, हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. मानव्यविद्येतील काम किती वर्षे मागते, याची कल्पना यावरून यावी.

भीमरावांच्या परदेशगमनाची हकीकत मात्र निराळ्या स्वरूपाची आहे. तेथे रीतसर करारपत्र होते. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोद्याच्या शिक्षण खात्याच्या करारावर सही केली. शिष्यवृत्तीची रक्कम दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षे, १९१६ च्या जूनपर्यंत. शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची, ही अट. त्या वेळच्या दराने, पौंडास पंधरा रुपये धरल्यास, ही रक्कम दरमहा सुमारे १७२ रुपये भरते. अमेरिकेच्या चलनात ती सुमारे ५६ डॉलर होती. मुंबईतल्या पंचवीस रुपयांच्या मानाने ही रक्कम मोठी खरी, परंतु न्यूयॉर्कमध्ये तीतूनच राहणे, जेवण, कपडे आणि पुस्तके भागवावयाची होती. त्यातच फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील सुभेदार रामजी यांचे निधन झाले होते आणि मागे राहिलेल्या कुटुंबासाठीही याच रकमेतून काही शिल्लक टाकून मुंबईस पाठवावे लागत होते.

न्यूयॉर्क : तीन वर्षांत किती?

१९१३ च्या जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांचे अध्ययन सुरू झाले. त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी विद्यापीठाच्या दप्तरी आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. सेलिग्मन, ड्यूई, रॉबिन्सन, गोल्डनवायझर यांसारखे अध्यापक. १९१५ साली ‘प्राचीन भारतीय व्यापार’ या प्रबंधावर एम. ए.; ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ‘भारतातील जाती’ हा निबंध; आणि त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय लाभांशावरील पीएच. डी. चा प्रबंध.

हे सारे तीन वर्षांत झाले. त्यांच्या अफाट परिश्रमाचे गुणगान आपण नेहमी करतो आणि ते यथार्थच आहे. परंतु त्या घाईमागे करारपत्रातील तारीखही होती, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. जून १९१६ उजाडला की साडेअकरा पौंड थांबणार होते. ज्यास वडिलोपार्जित संपत्ती आहे त्या विद्यार्थ्यास प्रबंध एक वर्ष पुढे ढकलता येतो, ज्याचे घर शिष्यवृत्तीवर चालते त्यास ती मुभा नसते.

प्रबंध पूर्ण होऊनही पदवी हाती आली नाही, ही बाब आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. कोलंबियाच्या तेव्हाच्या नियमानुसार पीएच. डी. साठी प्रबंधाच्या छापील प्रती विद्यापीठास सादर कराव्या लागत. छपाईचा खर्च विद्यार्थ्याचा. हा प्रबंध पुढे वाढवून ‘ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती’ या विषयावरील ग्रंथ म्हणून लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाने १९२५ साली प्रसिद्ध केला, प्रा. सेलिग्मन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली, आणि १९२७ साली कोलंबियाने पदवी विधिपूर्वक दिली. काम १९१६ चे आणि पदवी १९२७ ची. हा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या शिक्षणास साहाय्य केल्याबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीराव महाराजांस अर्पण केला. शिष्यवृत्ती अपुरी होती असे आम्ही म्हणतो तेव्हा तीमागील औदार्य आम्ही नाकारीत नाही. बाबासाहेबांनीही ते कधी नाकारले नाही.

लंडन : रुपयाचा अभ्यासक आणि रुपयाची किंमत

१९१६ साली भीमराव लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा असे दुहेरी अध्ययन त्यांनी आरंभिले. बडोद्याने मुदत एका वर्षाने वाढविली. ती संपताच, १९१७ च्या उन्हाळ्यात, प्रबंध अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले. प्रा. कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत अध्ययन पुन्हा सुरू करण्याची परवानगी दिली. त्यांचे सामान ज्या बोटीतून येत होते ती पाणतिराने बुडाली आणि त्यातील पुस्तके गेली. त्या नुकसानीपोटी मिळालेल्या ६०० रुपयांतून घरी काही देऊन ते करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले.

बडोद्यात काय घडले, राहावयास जागा कशी मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस कसे बाहेर काढले, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविले आहे. आम्ही येथे एवढेच सुचवू इच्छितो की दहा वर्षांच्या नोकरीची अट ज्या शासनाने घातली, त्या शासनाच्या राजधानीत त्या नोकरास दहा दिवसांपलीकडे छप्पर मिळू शकले नाही. महाराज उदार होते, तथापि त्यांचे औदार्य खालच्या कारकुनाच्या आणि शहरवासीयाच्या मनापर्यंत पोहोचू शकले नाही. शिष्यवृत्तीने विद्या मिळते, परंतु तिने समाज आपोआप बदलत नाही. हा अनुभव आजच्या विद्यापीठांतील आमच्या विद्यार्थ्यांसही अपरिचित नाही.

अर्धवट राहिलेले अध्ययन पुरे करण्यासाठी पैसा उभा करणे आता त्यांचे त्यांनाच भाग होते. १९१८ च्या नोव्हेंबरपासून सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर त्यांनी प्राध्यापकी केली आणि काटकसरीने शिल्लक टाकली. न्यूयॉर्कपासूनचे मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. छत्रपती शाहू महाराजांनीही साहाय्य केले. १९२० मध्ये भीमराव पुन्हा लंडनला गेले. सकाळी पावाचा एखादा तुकडा आणि बोव्हरिलचा पेला घेऊन दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, असा त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी वर्णिला आहे.

याच काळात एक गोष्ट घडली, जीकडे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे. १९२० च्या आरंभी रुपयाची किंमत दोन शिलिंगांच्या वर गेली होती. १९२१ मध्ये ती कोसळून एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास आली. उदाहरणादाखल, ५,००० रुपयांचे दोन शिलिंगांच्या दराने ५०० पौंड होतात, ते आता ३३३ च झाले. मुंबईत जमविलेल्या पुंजीचा तिसरा हिस्सा काही न करता नाहीसा झाला. सप्टेंबर १९२१ मध्ये भीमरावांनी शाहू महाराजांस पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले, त्याचे कारण हीच विनिमयदराची घसरण होती. आणि त्यांच्या डी. एस्सी. च्या प्रबंधाचा विषय होता ‘रुपयाचा प्रश्न’. ज्या प्रश्नावर ते लिहीत होते तो दररोज त्यांच्या ताटातही वाढला जात होता.

प्रबंध १९२२ साली सादर झाला. परीक्षकांनी काही फेरफार सुचविले. परंतु लंडनमध्ये राहून ते करण्याइतका पैसा उरला नव्हता. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, येथे बसून प्रबंध दुरुस्त केला, तो लंडनला पाठविला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डी. एस्सी. पदवी मिळविली. हा ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

१९१३ ते १९२३ या दहा वर्षांचा ताळेबंद मांडला तर त्यांतील चार वर्षे बडोद्याच्या शिष्यवृत्तीची आहेत. उरलेल्या सहा वर्षांची तरतूद अध्यापनाचे वेतन, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांतून झाली. आणि एक वाटा असा आहे की जो कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही. तो रमाईंचा. परळच्या चाळीत, पतीच्या अनुपस्थितीत, अपुऱ्या पैशांत संसार ओढीत आणि अपत्यवियोगाचे दुःख सोशीत रमाईंनी ही वर्षे काढली. पाकिस्तानविषयक ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत बाबासाहेबांनी त्यांच्या अंतःकरणाच्या मोठेपणाची आणि विपन्नावस्थेत सोसलेल्या कष्टांची कृतज्ञतेने नोंद केली आहे. संशोधकाची शिष्यवृत्ती जेथे अपुरी पडते तेथे ती तूट घरातील स्त्री आपल्या पोटाला चिमटा घेऊन भरून काढते, हे सत्य आम्ही विसरता कामा नये.

कोणत्या विद्येसाठी पैसा?

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी लॉर्ड लिनलिथगो यांस एक निवेदन सादर केले. त्यातील शिक्षणविषयक भाग आजही वाचण्यासारखा आहे. बनारस आणि अलिगड येथील विद्यापीठांस सरकार अनुदान देते, मग अस्पृश्य वर्गाच्या उच्च शिक्षणासाठी का नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्याचे फळ म्हणून शिष्यवृत्त्यांसाठी सालीना तीन लाखांची तरतूद झाली, १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली आणि काही विद्यार्थी परदेशीही गेले. एका राजाच्या मर्जीवर चाललेली गोष्ट प्रथमच शासनाच्या अर्थसंकल्पात आली. आमच्या मते या विषयाच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे वळण होय.

परंतु याच निवेदनात एक विधान आहे, जे मानव्यविद्येच्या पक्षकारांस अडचणीचे वाटेल. कला आणि कायदा यांच्या शिक्षणाचा अस्पृश्य वर्गास फारसा उपयोग नाही, त्यांस विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे, असे बाबासाहेबांनी तेथे स्पष्ट म्हटले आहे. ते दडवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आम्ही ते असे समजतो. १९४२ साली युद्धामुळे कारखाने वाढत होते, नव्या नोकऱ्या निर्माण होत होत्या, त्या तंत्रज्ञांसाठी होत्या आणि महागड्या तंत्रशिक्षणाची दारे सरकारी पैशाविना उघडणे अशक्य होते. अर्थात ते मागणीपत्र होते, विद्यांच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निर्णय नव्हे. त्यांनी स्वतः स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. आणि जातिव्यवस्थेचा उगम, शूद्र पूर्वी कोण होते, बुद्ध आणि त्याचा धम्म, हे त्यांचे आयुष्यभराचे विषय इतिहासाचे, समाजशास्त्राचे आणि धर्मविचाराचे होते. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिला, त्याने आपले अभियंते घडवावेत आणि आपले इतिहासकारही घडवावेत. ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत.

हा वाद जुना झाला असे मानण्याचे कारण नाही. १९५४-५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजनेच्या २०२२-२३ च्या नियमावलीत, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय परदेशातील अध्ययनासाठी वगळण्यात आले. या विषयांची साधने देशातच असल्याने परदेशी जाण्याची गरज नाही, असे त्याचे समर्थन करण्यात आले. हा नियम १९१३ साली असता तर काय झाले असते, एवढाच प्रश्न आम्ही विचारतो. ‘प्राचीन भारतीय व्यापार’ आणि ‘भारतातील जाती’ हे दोन्ही विषय त्याखाली अपात्र ठरले असते. साधने कोठे आहेत हे एक झाले. त्या साधनांकडे निर्भयपणे पाहण्याची दृष्टी आणि मुभा कोठे मिळते, हे दुसरे.

अलीकडील दोन दशकांचा अनुभव

२००५-०६ साली राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या एम. फिल. व पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या योजनेत आरंभी नेट परीक्षेची अट नव्हती, मुदत पाच वर्षांपर्यंत होती आणि पुढे अनुसूचित जातींसाठी दरवर्षी दोन हजार जागा झाल्या. खेड्यांतून आलेल्या कितीतरी मुलामुलींनी तिच्या बळावर मराठी, इतिहास, पाली, समाजशास्त्र या विषयांत प्रबंध लिहिले. आमच्या वाचकांच्या घरांतून आज जे प्राध्यापक दिसतात त्यांतील अनेकांचा पाया या योजनेने घातला. पुढे तीस नेटची अट जोडली गेली. २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती अल्पसंख्याकांसाठी होती आणि त्यांत बौद्धही येत. ती २०२२-२३ पासून बंद झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. रक्कम दिसावयास चांगली आहे. परंतु आकस्मिक खर्चाच्या तरतुदीत मानव्यविद्येस पहिली दोन वर्षे सालीना १०,००० आणि विज्ञानास १२,००० असा भेद चालत आला. जणू अभिलेखागारांचे प्रवास, हस्तलिखितांच्या प्रती आणि क्षेत्रीय अभ्यास यांस खर्चच येत नाही.

रकमेहून अधिक गंभीर प्रश्न नियमितपणाचा आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये नेट नसलेल्या संशोधकांचे ५,००० व ८,००० रुपयांचे विद्यावेतन बंद करण्याचे ठरले, तेव्हा दिल्लीत विद्यार्थ्यांस आयोगाच्या दारात बसावे लागले. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला याने जीवन संपविले. त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या अधिछात्रवृत्तीचा, एक लाख पंचाहत्तर हजार रुपयांचा, उल्लेख आहे आणि ती रक्कम घरच्यांस मिळावी अशी विनंती आहे. त्या मृत्यूची कारणे केवळ पैशाची नव्हती. पण मरणाच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास जो हिशेब आठवावा लागला, तो आमच्या व्यवस्थेविषयी पुष्कळ काही सांगतो. महाराष्ट्रात बार्टीने २०१३ पासून बाबासाहेबांच्या नावे अधिछात्रवृत्ती दिली हे स्तुत्य आहे. परंतु २०२३ साली सर्व पात्र विद्यार्थ्यांस ती मिळावी यासाठी संशोधकांस मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. जो वेळ ग्रंथालयात जावयाचा तो मैदानात गेला.

आपले कर्तव्य

या इतिहासातून आम्हांस जे दिसते ते येथे मांडतो. संशोधकास तीन गोष्टी लागतात. गरज मोजून ठरविलेली रक्कम, काम पुरे होईपर्यंतची मुदत, आणि दात्याची मर्जी फिरली तरी न थांबणारा ओघ. बडोद्याच्या शिष्यवृत्तीत औदार्य होते, पण मुदत अपुरी होती. आजच्या योजनांत मुदत आहे, पण ओघाची शाश्वती नाही. त्रिरश्मीच्या लेखात या तिन्हींचा विचार झालेला दिसतो.

शासनाची जबाबदारी शासनाचीच आहे. बाबासाहेबांनी ती संघर्षाने अर्थसंकल्पात आणली, ती सैल पडू देता कामा नये, आणि हप्ता दरमहा मिळणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, ही मागणी आपण सोडता कामा नये. परंतु त्याबरोबर आपलेही काही कर्तव्य आहे. आपण विहार बांधतो, बुद्धरूपांची प्रतिष्ठापना करतो, जयंतीस मोठा खर्च करतो. त्यातला काही भाग अक्षयनीवीच्या रूपाने ठेवता येणार नाही काय? १० लाखांच्या ठेवीवर शेकडा सहा व्याज धरले तरी वर्षाचे ६०,००० होतात. त्यातून एका संशोधकाच्या प्रवासाचा आणि प्रबंधाच्या छपाईचा खर्च भागेल. सरकारी हप्ता थकला असता त्यास काही महिने बिनव्याजी उसनवार देता येईल, म्हणजे त्याच्या मातेस वा पत्नीस दागिना गहाण टाकावा लागणार नाही. मुद्दलास हात लावावयाचा नाही, हिशेब वर्षावासाच्या समाप्तीस सर्वांसमक्ष वाचावयाचा आणि विषयाची निवड विद्यार्थ्यावर सोपवावयाची, एवढे तीन नियम पुरेत.

अकरा वर्षे जी पदवी छापील प्रतींसाठी अडून राहिली ती बाबासाहेबांनी अखेर मिळविली, कारण ते बाबासाहेब होते. प्रत्येक विद्यार्थ्याकडून ती अपेक्षा करणे न्यायाचे नाही. नवल भथेनांसारखा मित्र सर्वांस लाभत नाही. उषवदाताला आपल्या लेण्यात वर्षावास करणारे वीस भिक्खू कोण असतील हे माहीत नव्हते. त्याने केवळ त्यांची संख्या मोजली आणि त्यांच्या चीवराची सोय करून ठेवली. आपल्या गावातील, आपल्या विहारातील पुढच्या संशोधकाचे नाव आज आपणांसही माहीत नाही. त्याची सोय मात्र आजच करता येईल.